मनोविकारांवरील औषधांची कुळकथा

केंद्र सरकारच्या एका कचेरीत आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाने औषधांच्या इतिहासावर लेखणी चालवावी, हे वाचकांना काहीसे अनधिकाराचे वाटेल. मलाही ते तसेच वाटते. परंतु काही विषय माणूस आपण होऊन निवडीत नाही. ते घरात शिरतात, आणि मग त्यांच्याशी परिचय करून घेणे भाग पडते.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नागपुरास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत असता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आजारी पडला. आधी झोप गेली, मग मित्र तुटले, आणि मग शेजारच्या खोलीतील मुले आपल्याविषयीच बोलत आहेत, असे त्याला अहोरात्र ऐकू येऊ लागले. डॉक्टरांनी औषध सुरू केले. दीडएक महिन्यात ते आवाज ओसरले आणि घरातील सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे चार महिन्यांनी त्याला पुन्हा इस्पितळात ठेवावे लागले, तेव्हा कळले की त्याने गोळ्या केव्हाच बंद केल्या होत्या. ताई रोज सकाळी त्याच्या हातावर गोळी ठेवी. तो ती जिभेखाली धरी आणि न्हाणीघरात जाऊन थुंकून टाकी. कारण विचारता तो म्हणाला, की त्या गोळीने पाय स्वस्थ राहात नसत, वर्गात दहा मिनिटेसुद्धा बसवत नसे. "मग सांगितले का नाहीस रे?" असे ताईने विचारले. "मला कुणी विचारलेच नाही," एवढेच त्याचे उत्तर होते.

मी रजा काढून त्याला भेटावयास गेलो, तेव्हा त्याने मला प्रश्न केला, "मामा, ही औषधे शोधली तरी कुणी? ती माणसाला लागू पडतात हे त्यांना कसे कळले?" मी पदवीधर खरा, पण इतिहासाचा, मला उत्तर देता आले नाही. दिल्लीस परतल्यावर सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जे वाचले, त्याचा हा गोषवारा आहे. औषधाची मात्रा सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तो माझा हेतूही नाही. ह्या औषधांची कुळकथा कळली, तर ती घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला काही शहाणपण येईल काय, एवढाच माझ्यापुढील प्रश्न आहे.

ही औषधे येण्यापूर्वी काय होते, ते आधी पाहावे लागेल. मनाचे मोठे आजार हे बव्हंशी तारुण्याचे आजार होत. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या विकाराला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हटले, त्या नावातच अकाली, कोवळ्या वयात येणारा बुद्धिभ्रंश असा अर्थ होता. १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर ह्याने त्याला 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिले. नाव बदलले तरी नशीब बदलले नाही. विशीतला मुलगा वा मुलगी एकदा वेड्यांच्या इस्पितळात शिरली, की पुष्कळदा तेथेच म्हातारी होत असे. १९३३ साली झाकेलने इन्सुलिन टोचून रुग्णास मूर्च्छा आणण्याचा उपाय पुढे मांडला. १९३५ साली पोर्तुगालच्या मोनिझने मेंदूवर शस्त्रक्रिया आरंभिली. १९३८ साली इटलीत चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचा झटका देण्याची पद्धत काढली. ह्यांपैकी विजेचा उपचार भूल देऊन, सुधारलेल्या स्वरूपात आजही केला जातो व काही आजारांत तो फार गुणकारी ठरतो; परंतु मोनिझच्या शस्त्रक्रियेला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तरीही तिने हजारो माणसांचे व्यक्तिमत्त्वच कापून काढले, ही गोष्ट विसरता येत नाही. डॉक्टर दुष्ट होते असे नव्हे. हाती काहीच नसलेला मनुष्य जे सापडेल त्याला धरतो, हा त्या काळाचा अर्थ आहे.

ह्या अंधारात पहिला किरण आपल्या देशातून आला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर्पगंधा ह्या झुडुपाची मुळी आपल्याकडे शतकानुशतके वापरात आहे. सर्पदंशापासून निद्रानाशापर्यंत अनेक व्याधींवर ती देत, आणि बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असेच म्हणत. हकीम अजमलखान यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात देशी औषधींचे रासायनिक संशोधन सुरू झाले. तेथे सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी ह्या मुळीतून काही क्षारधर्मी द्रव्ये वेगळी काढली व १९३१ साली ती प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकाचे नाव त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे ठेवले. त्याच १९३१ साली कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध लिहून सांगितले, की ही मुळी उन्मादाच्या रुग्णाला शांत करते आणि रक्तदाबही उतरविते. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी केली आणि १९४९ साली ती ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापली. तेव्हा कोठे जगाचे लक्ष ह्या मुळीकडे वळले. जे आपल्या वैद्यांना आणि खेडुतांना माहीत होते, ते जगाला पटण्यासाठी कुणीतरी पन्नास माणसांची नोंद ठेवावी लागली. कारकुनाला ही गोष्ट विशेष भावते, हे मी कबूल करतो.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रसायनशास्त्रज्ञांनी ह्या मुळीतून 'रेझर्पीन' हे द्रव्य काढले. १९५३ मध्ये अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोविकारांवर ह्या देशी औषधीचा उपयोग सांगणारा निबंध लिहिला होता, आणि १९५४ साली न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली काही माणसे शांत झाली, बोलू लागली. १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले, त्यांत क्लाइन यांच्याबरोबर आपले डॉ. वकीलही होते.

परंतु सर्पगंधेचे राज्य फार काळ टिकले नाही. रक्तदाब फार उतरे, आणि काही माणसे हे औषध घेता घेता खोल औदासीन्यात बुडू लागली. तिची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली. तरी जाता जाता तिने एक मोठे काम केले. रेझर्पीनने प्राण्याच्या मेंदूत नेमके काय होते, ह्याचा शोध घेताना स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली दाखविले, की रेझर्पीनने निपचित पडलेले ससे एका विशिष्ट द्रव्याची सुई दिली असता पुन्हा उठून हिंडू लागतात. त्या धाग्यावरून मेंदूतील 'डोपामीन' ह्या निरोप्या द्रव्याचे महत्त्व उमगले. ह्या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज माझ्या भाच्याला जे औषध मिळते, ते त्याच डोपामीनचा अतिरेकी परिणाम अडविते. आपल्या रानातील एका मुळीचे हे ऋण त्याच्या गोळीवर आहे, हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो आजारानंतर प्रथमच हसला.

सर्पगंधेची जागा घेणारे औषध फ्रान्समध्ये जन्मले, आणि तेही आडवाटेने. १९५० सालच्या डिसेंबरात पॉल शार्पांतिये ह्या रसायनशास्त्रज्ञाने 'क्लोरप्रोमाझीन' हे द्रव्य तयार केले. आरी लाबोरी ह्या आरमारी शल्यवैद्याला शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला बसणारा धक्का सौम्य करणारे काही तरी हवे होते. हे औषध दिलेला रुग्ण जागा असूनही भोवतालाविषयी विलक्षण निश्चिंत राहतो, असे लाबोरीने पाहिले आणि मनोविकारतज्ज्ञांच्या पाठीस लागून ते वापरावयास लावले. १९५२ सालच्या जानेवारीत पॅरिसच्या लष्करी इस्पितळात ते प्रथम एका उन्मादग्रस्त रुग्णाला दिले गेले. त्या रुग्णाचे वय चोवीस वर्षांचे होते. सुमारे तीन आठवड्यांत तो घरी जाण्याजोगा झाला. अर्थात त्याला इतरही उपचार चालू होते, त्यामुळे श्रेय कशाचे, हे निश्चित सांगता येईना. त्याच वर्षी पॅरिसच्याच सेंत-ॲन इस्पितळात झां दले आणि पिएर दनिकेर यांनी ते औषध एकट्याने, इतर औषधांच्या मिश्रणाविना, अडतीस रुग्णांना दिले आणि रोजच्या रोज टिपून ठेवले. मग शंका उरली नाही. ज्या दालनांतून रात्रंदिवस आरडाओरडा ऐकू येई, ती शांत झाली. पुढील काही वर्षांत युरोप-अमेरिकेतील मनोरुग्णालयांची दारे हळूहळू उघडू लागली. आपल्याकडे रांचीच्या मध्यवर्ती मनोविकार संस्थेत १९५३ सालीच हे औषध वापरात आले.

आता येथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या दृष्टीने साऱ्या कथेचा गाभा तेथे आहे. १९५४ साली, म्हणजे औषध येऊन दोन वर्षेही धड झाली नव्हती तेव्हा, स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉ. स्टेक यांनी लिहून ठेवले, की हे औषध घेणाऱ्यांचे हात कंप पावतात, चेहरा थिजल्यासारखा होतो, आणि काही जणांना एका जागी बसवत नाही. म्हणजे माझा भाचा वर्गात ज्या अस्वस्थतेने हैराण झाला, तिची नोंद त्याच्या आजोबांच्या तारुण्यात होऊन गेली होती. तिच्यावर उपायही आहेत : मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, जोडीला दुसरे औषध देता येते. एवढे ज्ञान जगात साठलेले असताना एका मुलाने चार महिने ती यातना मुकाट्याने सोसली आणि अखेरीस आपल्यापुरता एक उपाय शोधला : न्हाणीघरात थुंकण्याचा. डॉक्टरांच्या खोलीबाहेर साठ माणसे ताटकळत होती. ताई "आता बरा आहे हो" असे सांगून मोकळी होत असे. आणि ज्याच्या देहात हे सर्व घडत होते, तो खुर्चीत पाय हलवीत बसला होता. दोष एकट्या कुणाचा नव्हता. विचारण्याची रीतच नव्हती.

ज्या औषधाच्या इतिहासात हाच धडा अधिक कठोरपणे शिकविला गेला, ते औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड हे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे कैदी म्हणून सिंगापुरास चांगी येथे होते. युद्धानंतर मेलबर्नजवळच्या एका लहान मनोरुग्णालयात, तुटपुंज्या साधनांनिशी, त्यांनी गिनिपिगांवर प्रयोग आरंभिले. लिथियमचा क्षार टोचलेले प्राणी शांत पडून राहतात, असे त्यांना दिसले. त्यांनी आधी तो क्षार स्वतः घेऊन पाहिला आणि मग १९४८ साली उन्मादाच्या रुग्णांना दिला. पहिला रुग्ण एक्कावन वर्षांचा होता. अनेक वर्षे बेफाम असलेला तो मनुष्य काही महिन्यांत घरी गेला. दहा उन्मादग्रस्तांचा हा वृत्तांत १९४९ साली प्रसिद्ध झाला, आणि वैद्यकाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. परंतु ह्या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. घरी गेलेल्या त्या मनुष्याने औषध घेण्याचे सोडून दिले, आजार उलटला, त्याला पुन्हा दाखल करावे लागले. आणि १९५० साली लिथियमच्याच विषबाधेने तो मरण पावला. एकाच माणसाच्या चरित्रात औषधाचा गुण, औषध सोडण्याचा धोका आणि औषधाचा दोष, असे तिन्ही अध्याय येऊन गेले.

लिथियम तेथेच संपले असते. ते वाचविले डेन्मार्कच्या मोन्स शू ह्या डॉक्टरने. शू यांच्या एका भावाला औदासीन्याचे झटके वारंवार येत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्याही घरात शिरलेला होता. १९५४ साली त्यांनी लिथियमची काटेकोर चाचणी केली आणि रक्तातील त्याचे प्रमाण मोजत राहण्याचा परिपाठ घातला. प्रमाण थोडे कमी झाले तर गुण नाही, थोडे अधिक झाले तर विष, अशा ह्या अरुंद बांधावरून चालावयाचे असेल तर वारंवार मोजण्याला पर्याय नाही. अमेरिकेने ह्या औषधाला १९७० साली मान्यता दिली. आजही लिथियम घेणाऱ्या तरुणाचे रक्त ठरावीक मुदतीने तपासावे लागते, मूत्रपिंड आणि कंठग्रंथी यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. हा डॉक्टरांनी लावलेला जाच नव्हे. १९५० सालच्या त्या मृत्यूने शिकविलेले शहाणपण आहे.

औदासीन्यावरील औषधांची जन्मकथाही अशीच अकल्पित आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील क्षयरोग्यांच्या इस्पितळात १९५२ साली एक नवे क्षयनाशक देऊन पाहिले, तो रुग्ण कमालीचे उल्हसित झाले. त्यातून एक औषध आले. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथे डॉ. रोलंड कून यांनी स्किझोफ्रेनियावर एक नवे द्रव्य वापरून पाहिले. त्या विकारात ते निरुपयोगी ठरले. परंतु त्यांनी ते टाकून दिले नाही. १९५६ साली खिन्न रुग्णांना देऊन पाहिले आणि रुग्णांशी तासन्‌तास बोलून त्यांच्यात काय पालटले ते टिपले. ते द्रव्य म्हणजे 'इमिप्रामीन'. कून यांच्याजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती; ऐकून घेण्याची सवय मात्र होती.

एवढा वेळ मी मोठ्यांच्या औषधांविषयी बोललो. मुलांचे काय? त्यांचा इतिहास सुरू होतो तो अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे. जॉर्ज ब्रॅडली ह्या धनिकाच्या मुलीला लहानपणी मेंदूज्वर होऊन कायमचे अपंगत्व आले. तिच्या नावाने १९३१ साली मुलांसाठी एक रुग्णालय उघडले गेले. तेथील डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची छायाचित्रे घेत, आणि त्या तपासणीनंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. ती डोकेदुखी कमी व्हावी म्हणून त्यांनी 'बेन्झेड्रीन' हे उत्तेजक दिले. डोके काही फारसे थांबले नाही. परंतु शिक्षकांनी येऊन सांगितले, की मुलांचे अभ्यासात चित्त लागू लागले आहे. मुले तर त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. १९३७ साली ब्रॅडलींनी तीस मुलांचा वृत्तांत छापला. त्यांपैकी चौदा मुलांची शाळेतील प्रगती लक्षणीय होती. उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे, हे कुणाच्याही तर्कात बसत नव्हते. म्हणून की काय, पाव शतकभर ह्या शोधाकडे फारसे कुणी पाहिले नाही. पुढे त्याच जातीची औषधे चित्त एकाग्र न होण्याच्या विकारावर जगभर रूढ झाली.

ब्रॅडलींच्या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गुण डॉक्टरांना दिसला नाही. तो शिक्षकांना दिसला, आणि त्याला नाव मुलांनी दिले. ही रीत पुढे जेथे मोडली, तेथे काय झाले, त्याचे उदाहरण फार जुने नाही. १९८७ साली अमेरिकेत 'फ्लुऑक्सेटीन' ह्या औदासीन्यावरील नव्या जातीच्या औषधाला मान्यता मिळाली. जुन्या औषधांपेक्षा ही जात अधिक निर्धोक असल्याने तिचा प्रसार झपाट्याने झाला, आणि मोठ्यांवर तपासलेली औषधे मुलांनाही सर्रास दिली जाऊ लागली. 'पॅरोक्सेटीन' ह्या त्यांपैकी एका औषधाची किशोरवयीनांवर चाचणी होऊन २००१ साली ते मुलांना गुणकारी व निर्धोक असल्याचे छापून आले. परंतु चाचणीतील मूळ नोंदी पुढे उघड झाल्या, तेव्हा चित्र निराळे निघाले. २०१५ साली त्याच नोंदींची फेरतपासणी स्वतंत्र संशोधकांनी प्रसिद्ध केली. गुण सिद्ध होत नव्हता, आणि आत्मघाताच्या विचारांसारखे अपाय मूळ अहवालात झाकले गेले होते. २०१२ साली त्या औषधाच्या कंपनीने अमेरिकेत अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्याचा बेकायदा प्रचार केल्याचा गुन्हा कबूल केला. नोंद होती, परंतु ती खरी सांगितली गेली नाही. कारकुनी भाषेत बोलावयाचे तर नस्ती शाबूत होती, टिपणी खोटी होती.

दरम्यान २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चोवीस चाचण्यांतील चार हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या. औषध घेणाऱ्या शंभर मुलांत सुमारे चार, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांत सुमारे दोन मुलांत आत्मघाताचे विचार वा वर्तन दिसून आले. प्रत्यक्ष आत्महत्या मात्र एकाही मुलाने केली नव्हती. त्यावरून ह्या औषधांच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापण्याचा हुकूम निघाला, आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. ह्याचा अर्थ औषध देऊच नये असा नाही. त्याच २००४ साली बारा ते सतरा वर्षांच्या ४३९ किशोरांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीत, बारा आठवड्यांनी, फ्लुऑक्सेटीन आणि विचारांना वळण लावणारी संवादचिकित्सा ही दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के सुधारले. नुसत्या औषधाने सुमारे ६१, नुसत्या संवादाने सुमारे ४३ आणि खोट्या गोळीने सुमारे ३५ टक्के. तात्पर्य, गोळीबरोबर बोलणेही हवे. आणि पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा गुण यावयाचा असतो आणि धोका अधिक असतो, तेव्हा घरच्यांची नजर हवी.

धोका ठाऊक असूनही औषध परत कसे आणता येते, ह्याचेही एक उदाहरण देतो. 'क्लोझापीन' हे औषध १९७५ साली फिनलंडमध्ये काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा करून त्यांच्या मृत्यूला कारण झाले आणि अनेक देशांतून मागे घेतले गेले. परंतु १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापीनने सुधारले; क्लोरप्रोमाझीनने फक्त ४ टक्के. मग नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते पुन्हा आले, आणि आज ते कित्येक तरुणांचे आयुष्य सावरून धरीत आहे. औषध तेच; मध्ये एक नोंदवही आली, एवढाच फरक.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांना राहावयास बोलाविले. जागा अपुरी होती, माणसे थोडी होती. परंतु त्या अडचणीतून एक मोठा विचार निघाला. आई-बाप, भाऊ-बहीण डोळ्यांनी पाहात की उपचार म्हणजे काय, सुधारणा कशी दिसते आणि घरी गेल्यावर कशावर लक्ष ठेवावयाचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजानेही १९५७ च्या सुमारास कुटुंबासह रुग्ण ठेवण्याची प्रथा घातली. पाश्चात्त्य देशांत औषधांनी इस्पितळांची दारे उघडली. आपल्याकडे घर इस्पितळात शिरले. मराठी माणसानेही ह्या कामात आपला वाटा उचलला आहे. कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातील आजाराचा अनुभव जमेस धरून पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या 'देवराई' ह्या चित्रपटाने हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला.

कायद्यानेही बराच पल्ला गाठला. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'ल्यूनसी' हा शब्द होता. १९८७ चा कायदा त्यामानाने सौम्य होता. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर रुग्णाच्या हाती हक्क दिले. त्याच्या २२ व्या कलमानुसार रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आजाराचे स्वरूप, योजलेला उपचार व त्याचे अनिष्ट परिणाम समजावून घेण्याचा अधिकार आहे, आणि २५ व्या कलमाने आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा. रोज कलमे उलटणारा मी, पण हे कलम मला माहीत नव्हते. माझ्या ताईला तर नव्हतेच. २०२२ सालच्या १० ऑक्टोबरपासून 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर सुरू झाली आहे, हेही बहुतेक घरांना ठाऊक नाही.

अज्ञान म्हणजे केवळ माहितीचा अभाव नव्हे. आपल्याकडे त्याला लाजेचे अस्तर असते. मुलीच्या आजाराची वार्ता स्थळ पाहणाऱ्यांना लागू नये म्हणून गोळ्या लग्नाच्या आधी बंद केल्या जातात, किंवा डब्यात दडवून सासरी नेल्या जातात. वस्तुतः तरुण स्त्रीच्या बाबतीत प्रश्न उलट उघडपणे विचारावयास हवा. 'व्हॅल्प्रोएट' ह्या, झटके आणि उन्माद ह्या दोहोंवर चालणाऱ्या औषधाने गर्भावर गंभीर परिणाम होतात. दर दहांतील सुमारे एका अर्भकात जन्मजात व्यंग आढळते, आणि तीन-चार मुलांची वाढ व बुद्धी यांवर परिणाम होतो. म्हणून मुलगी वयात आली, की ह्या औषधाचा पुन्हा विचार डॉक्टरांबरोबर झालाच पाहिजे. जेथे आजाराचेच नाव काढावयाचे नाही, तेथे हा विचार कोण करणार?

तेव्हा माझ्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले. ही औषधे कुणा एका द्रष्ट्याने ध्यानस्थ बसून शोधलेली नाहीत. कुणी क्षयावर शोधत होता, कुणी डोकेदुखीवर, कुणी शस्त्रक्रियेतल्या धक्क्यावर. आणि हाती भलतेच आले. हाती आलेले ज्यांनी ओळखले, त्यांचे वैशिष्ट्य एवढेच, की त्यांनी समोरच्या माणसाकडे नीट पाहिले, त्याचे ऐकले आणि ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. औषध नेमके कसे काम करते हे आजही पुरते कळलेले नाही. परंतु ते कुणाला, किती आणि कोणत्या किमतीत उपयोगी पडते, हे पुष्कळसे कळले आहे, कारण नोंदी आहेत. त्या नोंदींत तुझी भर पडली नाही, तर तुझ्यापुरते ते शास्त्र अपुरेच राहील. तू गोळी थुंकलीस त्याबद्दल मी तुला रागावणार नाही. पण तू ते सांगितले असतेस, तर औषध बदलले असते आणि दुसरे आजारपण बहुधा टळले असते. आणि आम्ही विचारले असते, तर तू सांगितलेही असतेस.

मी त्याला कचेरीतल्या आवक-जावक वहीसारखी एक लांबोडकी वही दिली आहे. तारीख, गोळी, झोप, भूक, वजन, पाय, मन, असे रकाने त्यानेच आखले. पुढच्या भेटीच्या वेळी ती वही घेऊन तो एकटा डॉक्टरांच्या खोलीत गेला; ताई बाहेर बसली. डॉक्टरांनी वही पाहिली, औषध बदलले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वही घेऊन येण्यास सांगितले. ह्या महिन्यात त्याने महाविद्यालयात पुन्हा नाव घातले आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. आजार उलटूही शकतो. इतिहास वाचलेल्या माणसाला एवढे तरी कळते. परंतु परवा त्याचे पत्र आले, त्यात वहीच्या एका पानाची नक्कल होती. 'पाय' ह्या रकान्यात त्याने लिहिले होते : आज पूर्ण तास बसलो.